मोंबासाचा रुपया

श्रीपादरावांनी नाणं भिंगाखाली धरलं आणि मीनावहिनींकडे न बघता ते खोटं बोलले. "सही सांगतो वहिनी, काळं पडलंय. काळ्या नाण्याला बाजारात कोणी विचारत नाही."

वहिनींचा चेहरा उतरला. त्यांचा नवरा अरविंद जाऊन दोन महिनेसुद्धा झाले नव्हते. त्यानं जमवलेली देशोदेशीची नाणी डब्यात घालून त्या ऑटोनं फ्रीगंजला, श्रीपादरावांच्या दुकानात आल्या होत्या. अरविंदचं जन्मभर एकच म्हणणं होतं, नाण्यातलं कळतं ते श्रीपादला, बाकी सगळे भंगारवाले. ते खरंही होतं. इंदूरचे लोकसुद्धा महागाचं नाणं आधी श्रीपादरावांना दाखवत आणि मगच घेत. जुन्या चांदीवर चढलेला काळा-निळा रंग हाच तिचा दागिना, तो घासून काढला की नाणं मेलं, हे अरविंदला शिकवलं कोणी? श्रीपादरावांनीच.

मग खोटं कशाला? एका रुपयासाठी. हिंदुस्तानाबाहेर चाललेले रुपये जमवायचा श्रीपादरावांना नाद होता. मॉरिशसचा, सिलोनचा, जर्मन आफ्रिकेचा, सगळे मखमली ट्रेमध्ये ओळीनं बसले होते. एक खाच तेवढी रिकामी होती, मोंबासाच्या रुपयाची. तराजूचं चित्र असलेला तो रुपया अरविंदकडे होता. मागच्या सिंहस्थात आफ्रिकेहून आलेल्या एका कच्छी म्हातारीनं त्याला तो रामघाटावर विकला होता. श्रीपादरावांनी तो कितीदा मागितला, चढता भाव दिला, रुसून वर्षभर अबोला धरला. अरविंद नुसता हसायचा आणि चहा मागवायचा. आता तो रुपया त्याच्या बायकोकडून स्वस्तात काढायचा होता, एवढंच. मेलेल्या मित्राच्या बायकोला फसवताना लाज वाटत नाही असं नाही. वाटते. पण नादापुढे ती कुठली टिकायला!

बाकीची नाणी बाजूला सारत त्यांनी अगदी सहज विचारलं, तराजूवालं एक होतं ना त्याच्याकडे? वहिनी म्हणाल्या, आहे की, घरी देवापाशी ठेवलंय, त्याचं जरा वेगळं आहे. त्या पुढे काहीतरी सांगणार होत्या, पण श्रीपादरावांना दम कुठला? तेही असंच काळं असेल ना, असं त्यांनी मध्येच विचारलं. वहिनी ओशाळल्या. सगळ्यांत काळं तेच, म्हणाल्या. मग फार आशा ठेवू नका, पण आणा, घरचंच आहे, मी घेईन ठेवून, असं सांगून श्रीपादरावांनी त्यांना वाटेला लावलं. डबा त्यांच्या भरवशावर तिथेच सोडून वहिनी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लवकर दुकान उघडलं. ट्रे काढला, रिकामी खाच ब्रशनं झटकली आणि रस्त्याकडे डोळे लावून बसले. अकराच्या सुमारास वहिनी आल्या. त्यांची बोटं लाल झाली होती. त्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि रुपया काउंटरवर ठेवला.

तो लखलखत होता, नव्याकोऱ्या स्टीलच्या वाटीसारखा. अक्षरांवर, तराजूच्या पारड्यांवर, सगळीकडे बारीक ओरखडे उठले होते. श्रीपादरावांना भिंग घ्यायचीही गरज पडली नाही.

वहिनी समाधानानं सांगू लागल्या. रांगोळी आणि लिंबू लावून देवाच्या भांड्यांसारखा घासला. हे असते तर हातसुद्धा लावू दिला नसता, एकदा दिवाळीत नुसता उचलला तर केवढे ओरडले होते. पण तुमच्यापुढे कोणाचं काय चालणार?

श्रीपादरावांना ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचं तर कालचं खोटं कबूल करावं लागलं असतं. ते एवढंच म्हणाले, "विकायचाच होता तर घासलात कशाला, वहिनी? मी काळाच घेतला असता."

"विकायचा कुठे आहे, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "हे दवाखान्यात सांगून गेलेत, तराजूवाला श्रीपादला द्यायचा आणि त्याचा पैसासुद्धा घ्यायचा नाही. पण बाजारात ज्याला कोणी विचारत नाही, असा काळा रुपया यांची आठवण म्हणून तुमच्या हातावर कसा ठेवू?"