नाव राहिलं

हायस्कुलात रोज प्रार्थना झाली की एक मूल माइकवर गावची बातमी सांगायचं. बाई मोठ्या काटेकोर. बातमीत काही राहिलं की सगळ्यांदेखत टोकायच्या. आज पाळी नववीतल्या एका अबोल पोरीची होती.

“काल संध्याकाळी गावातली एक बाई घर सोडून गेली. अंगावर निळी साडी आहे. कुणाला दिसली तर शाळेत सांगा.”

“छान! पण नाव राहिलं की गं. नावाशिवाय कसली बातमी?”

पोरीनं काकुळतीनं मान हलवली. बुजली असेल, असं वाटून बाईंनी माइक पुन्हा तिच्या तोंडाशी धरला.

“आमची आई.”

पाचवीच्या रांगेतून तिचा धाकटा भाऊ ओरडला, “ताई, तू तर म्हणालीस मामाकडे गेलीय!”