फळ्यावरची दुसरी ओळ

हेडविग लाम्प्रेख्त वर्गात शिरल्या आणि साठ मुलांचे बूट लाकडी जमिनीवर घासू लागले. शिकवणारा नको असला की जर्मन मुलं तोंडाने नाही, बुटांनी सांगतात. या विद्यापीठात गणित शिकवायला बाई १९१९ साली पहिल्यांदाच उभी राहत होती. हा तास झाला नाही, तर दुसरा मिळणार नव्हता. तेच बघायला खुद्द डीन शेवटच्या बाकावर बसले होते.

हेडविगबाईंनी आवाज चढवला नाही. पाठ फिरवली आणि सरळ सिद्धता लिहायला घेतली.

खर्र. खर्र. खर्र.

"बाई, घरी बटाटे उकडायचे राहिलेत," पहिल्या बाकावरचा एगोन ओरडला. सगळ्यात जोरात बूट त्याचेच वाजत होते. हशा पिकला. फळ्यावरची दुसरी ओळ संपली आणि एगोनची नजर तिथेच अडकली.

"अहो, तिथे उणे हवं."

"काय म्हणालात? काही ऐकू येत नाही."

एगोन मागे वळला. "पाय आवरा रे गाढवांनो. चुकीचं लिहितेय ती."

वर्ग गप्प झाला. उणे का हवं, ते एगोनने सांगितलं. दुसऱ्या एकाने त्याला खोडून काढलं. मग घंटा होईपर्यंत सगळे त्या सिद्धतेवर तुटून पडले होते.

"उद्या, याच वेळी," एवढंच म्हणून डीन निघून गेले.

"उद्या जरा तयारी करून या," एगोन वही मिटत म्हणाला.



"तयारी होतीच," बाई हातावरचा खडू झटकत म्हणाल्या. "ही चूक तुम्हाला दिसली नसती, तर पुढे आणखी चार ठेवल्या होत्या."