मूळ फोटो

जिन्यात पाठमोऱ्या उभ्या असलेल्या बाईचा फोटो गावभर फोनवर फिरत होता. असल्या भुतांचं बिंग फोडणं हे चिमीच्या आईचं वर्तमानपत्रातलं रोजचं काम. बाई नसलेला मूळ फोटो शोधून काढायचा, की भूत खलास!

तो सापडला, पण नवऱ्याच्या लॅपटॉपमध्ये. बाई नसताना ओळखू आलं, जिना त्यांच्याच इमारतीचा होता.

"म्हणजे बाई तू चिकटवलीस? आणि मी चार दिवस डोकं फोडून घेतेय!"

"चिकटवली नाही गं," नवरा मान खाली घालून म्हणाला. "पुसली. पण पुसायच्या आधीच तो फोटो चुकून ग्रुपवर गेला."

तिने तारखा पाहिल्या. बाई असलेलाच फोटो आधीचा होता.

"आणखी किती फोटोंत आहे ती?"

"चिमी झाल्यापासूनच्या सगळ्यांत. तू घाबरशील म्हणून..."

"सहा वर्षं तू मला पुसलेले फोटो दाखवलेस?"

त्याने लॅपटॉप मिटला.

तिची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. चिमी बागेत एकटीच उभी होती, एक हात वर करून, कुणाचं तरी बोट धरल्यासारखी मूठ मिटून.

लेकीच्या त्या पोजवर ती दरवेळी खो खो हसायची. नवरा एकदाही हसला नव्हता.