कोरडं फडकं

हातातून निसटून फरशीवर पडलेलं फडकं प्रेरणा झटकून पुन्हा वापरणार, तोच गोपालनं ते तिच्याकडून अलगद काढून घेतलं.

"पडलेलं फडकं गाडीले नाही लावाचं," तो म्हणाला. "खडा दिसत नाही, पण रंगावर रेघ मारते."

त्यानं दुसरं दिलं, मऊ, नवं. नुकतीच धुतलेली गाडी मेहकरातल्या त्यांच्या अंगणात सावलीला उभी होती. तासाभरात बीबी गावाला निघायचं होतं. गोपालच्या आत्याच्या, सोजराबाईंच्या नातीचं लग्न होतं. लग्नाचं ते निमित्त. प्रेरणाच्या मनात वेगळंच होतं. परत येताना मामंजींना याच गाडीत बसवून घरी आणायचं, हे तिनं पक्कं ठरवलं होतं. तिचे सासरे भगवानराव सहा महिने झाले याच बहिणीच्या ओसरीवर दिवस काढत होते. आणि तेही प्रेरणामुळे.

गोपाल मोठ्या हौसेनं शिकवत होता. उन्हात गाडी धुवायची नाही, डाग राहतात. शेवटचं पाणी पाइपातून संथ सोडायचं, म्हणजे अर्धंअधिक आपसूक ओघळून जातं. मग फडकं पसरून ठेवायचं आणि हलक्या हातानं सरळ ओढायचं. गोल फिरवायचं नाही, दाबायचं तर मुळीच नाही. इतकं समजुतीनं सांगत होता की प्रेरणाला जास्तच भरून आलं. अशा माणसापासून आपण सहा महिने लपवलं!

दिवाळीच्या तोंडावरची गोष्ट. शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर सोयाबीनची मळणी चालली होती आणि यंत्रातून उडालेली सगळी धूळ गाडीवर येऊन बसली होती. गोपाल जेवून वर झोपायला गेला होता. संध्याकाळी त्याला गाडी लागणार, तेवढी पुसून ठेवू, म्हणून प्रेरणानं दोरीवरचा जुना टॉवेल ओढला आणि कोरडाच गोल गोल खसाखसा फिरवला. गाडी लख्ख दिसली. बाईसाहेब स्वतःवर खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात बोनेटभर ओरखड्यांचं जाळं उमटलं.

गोपालनं सगळ्यांना अंगणात बोलावलं. कोणी पुसली, एवढंच विचारलं, आणि विचारताना बापाकडे बघत राहिला. प्रेरणाची जीभ नेमकी तेव्हाच टाळूला चिकटली. घाबरली, दुसरं काय? नवरा गाडीला किती जपतो हे तिला ठाऊक होतं. भगवानरावांनी सुनेच्या पांढऱ्याफटक चेहऱ्याकडे एकदा पाहिलं.

"मीच पुसली बापू," ते म्हणाले. "धूळ होती लय."

मग गोपाल बोलू लागला तो थांबेचना. गाडीवरून सुरू झालेलं बोलणं कुठल्या कुठे गेलं. विम्याची गिऱ्हाइकं घरी येतात आणि म्हातारा बनियनवर समोर बसतो. रात्रभर खोकतो. कोणत्याही गोष्टीला हात लावतो, कशाची किंमत म्हणून नाही. भगवानराव खाली मान घालून ऐकत राहिले. पुढच्या सकाळी त्यांनी पिशवी भरली. त्यांना कोणी थांबवलं नाही. पिशवी स्टँडपर्यंत गोपालनंच नेऊन दिली.

पंधरा दिवसांत त्यांच्या खोलीत टेबल आलं, दोन खुर्च्या आल्या, विम्याचं काम तिथं हललं. खोली रिकामी पडण्यापेक्षा बरंच झालं, असं प्रेरणा स्वतःला समजावत राहिली. ओरखडे तासाभराच्या पॉलिशनं जातील, असं गाड्या धुणारा गणेश दोनदा म्हणाला होता. गोपाल "पाहू" म्हणायचा आणि राहून जायचं. राग अजून गेला नाही, असं ती समजायची.

मामंजींना ती चोरून फोन करायची. लग्न होऊन आली तेव्हा या घरात तिच्याशी पहिल्यांदा धड कोणी बोललं असेल तर त्यांनीच. बाळंतपणात छकुली रात्र रात्र रडायची, तर हा माणूस नातीला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारायचा. आणि आपण त्याच्यासाठी एक वाक्य बोललो नाही! मी खरं सांगून टाकते, असं ती दरवेळी म्हणायची आणि दरवेळी ते एकच सांगायचे.

"काही बोलू नको त्याले, पोरी. माह्यापायी तुम्हा दोघात वाकडं नको."

मागच्या आठवड्यात त्यांचा आवाज फार खोल गेल्यासारखा वाटला. जेवण धड जात नाही, असं सोजराबाईंनी सांगितलं. त्या दिवसापासून प्रेरणाच्याही घशाखाली घास उतरत नव्हता. काय व्हायचं ते होवो. शिव्या घालो, महिनाभर बोलणं टाको, पण मामंजी स्वतःच्या घरी आले पाहिजेत.

तिनं बोनेटवरून फडकं शेवटचं ओढलं. त्याच ओरखड्यांवरून. आज ती थांबली नाही.

"अहो, ऐका. तेव्हा गाडी मी पुसली होती. मामंजींनी हातसुद्धा लावला नव्हता. मले वाचवाले खोटं बोलले ते. तुम्हाले मले काय बोलायचं ते बोला, पण आज त्याहिले घरी घेऊन येऊ."

बोलता बोलता तिला रडू फुटलं.

गोपाल आरशाच्या खाचेत अडकलेलं पाणी टिपत होता. टिपून झालं. त्यानं फडक्याची घडी उलटली, कोरडी बाजू वर घेतली आणि तो गाडीच्या दाराच्या हँडलकडे वळला.

"माहीत हाय मले," तो म्हणाला. "तू पुसून राह्यली होती तव्हा मी गच्चीवरच उभा होतो."