फियाटची बॅटरी

ह्यांची बदली अमृतसरला झाली. मी आणि सुमेधा चंडीमंदिर छावणीतल्या क्वार्टरमध्येच राहिलो. फियाट दारात नुसती उभी असायची.

शेजारचे ग्रेवालजी म्हणाले, “भाभीजी, बॅटरी का तार निकाल दो, नहीं उतरेगी.”

मी मान डोलावली, पण तार काढली नाही. दर रविवारी सुमेधाला गाडी सुरू करायला पाठवायचे.

“तार काढली की झालं ना, आई. मला कशाला पिटाळतेस?”

“सुरू केलेली बरी असते.”

ती गेली की मी स्वयंपाकघरात डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत बसायचे.

एका रविवारी अमृतसरला कर्फ्यू लागल्याची बातमी आली. सुमेधा न सांगताच किल्ली घेऊन गेली. गाडी बंद करण्याआधी तिनं दोनदा हॉर्न वाजवला, हे घरी आल्यावर वाजवायचे तसा.