पाठकोरी वही

"हे कागद कंपनीचे आहेत, कस्तुरीताई."

"मग? माझ्या माहेरचे आहेत असं मी कधी म्हटलं?" कस्तुरी म्हणाली.

यशोवर्धननं वहीचं पान चिमटीत धरून दुमडीत डोकावून पाहिलं. पुण्याहून येऊन त्याला आठ महिने झाले होते. बंगळुरातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या या कारखान्याचा तो एचआर मॅनेजर होता आणि कन्नडमध्ये त्याला 'स्वल्प' म्हणजे जरा आणि 'सरी' म्हणजे बरं, एवढंच येत होतं. कस्तुरी इथे अकरा वर्षं माल तपासत होती. सकाळी गेटवर तिची पिशवी उपसली गेली. डबा परत मिळाला, छत्री परत मिळाली. वही तेवढी ठेवून घेतली.

त्या वहीचीही गंमतच. प्रेस मशीनवर काम करणाऱ्या परसूची चार बोटं प्रेसखाली गेली आणि महिन्याभरानं कंपनीला एकदम कामगारांच्या मनःशांतीचा पुळका आला. एचएसआर लेआउटच्या उच्चभ्रू वस्तीतून सौम्या नावाची एक गोड मुलगी आली. तिनं सगळ्यांना बुलेट जर्नल शिकवलं. ठिपक्यांच्या वहीत रोजची कामं लिहायची. झालं की फुली, राहिलं की उद्याकडे बाण. कल्पना झकास, पण वही नऊशे रुपयांची!

"अगोबाई, ठिपक्यांचे नऊशे?" कस्तुरी सगळ्यांदेखत म्हणाली होती.

दुसऱ्याच दिवशी तिनं स्टोअरमागच्या रद्दीतून पाठकोरे कागद उचलले. ऑडिटच्या आधी फायली उपसून काढलेला ढीग होता तो. छापील बाजू आत घालून कागद दुमडले, उघड्या कडेनं दाभणानं शिवले. भंगारातला जाळीचा पत्रा पानावर ठेवून बॉलपेननं ठिपके मारले. जेवणाच्या सुटीत अर्धा कारखाना वही बघायला आला. सौम्यानं तर फोटोसुद्धा काढला.

"वाचू का?" यशोवर्धननं पान उलटलं. मराठी होतं, त्यामुळे त्याला वाचायला जोर आला होता. "'बीपीची गोळी', फुली. 'पाण्याचा कॅन सांगणे', फुली. 'साहेबांना उलट बोलायचं नाही'... इथे नुसते बाणच आहेत."

"जमतच नाही हो. रोज उद्यावर जातंय."

टायपिंगला बसलेली संध्या खुदकन हसली आणि लगेच खोकली.

यशोवर्धननं वही मिटली. "हे बघा, मी वाईट माणूस नाही. गुरुवारी लेबर कोर्टात परसूच्या बाजूनं साक्ष द्यायला जाऊ नका. मग ही वही मी पाहिलीच नाही."

"आणि गेले तर?"

"चोरीचा ठपका. सस्पेन्शन. अकरा वर्षांची सर्व्हिस पाण्यात जाईल. आणि कशासाठी? परसूनं मशीनचं सुरक्षेचं गार्ड स्वतः काढलं. गार्ड तुटल्याची तक्रार त्यानं केलीच नव्हती. फायलीत एक कागद नाही."

कस्तुरीला नोकरी हवीच होती, खोटं कशाला सांगा? घरी कमावणारी ती एकटी. पण परसूअण्णाचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. हात गेला तो गेला, वर कंपनी म्हणणार, चूक त्याचीच. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"लिहा," ती म्हणाली. "चोरले. कस्तुरीनं कंपनीचे कागद चोरले. मी सही करते."

"ताई, विचार करा."

"झाला करून. पण एकेका कागदाचा नंबर लिहायचा, त्यावर शिक्का मारायचा आणि तुम्ही सही करायची. नाहीतर उद्या म्हणाल, बाईनं दोनशे नेले."

"अहो, रद्दी आहे ती!"

"मग चोरी कसली?"

यशोवर्धनचे कान लाल झाले. "संध्या, घ्या लिहून. एकेक नंबर."

संध्या दुमडीत बघून नंबर वाचू लागली. शिक्का, सही. शिक्का, सही. यशोवर्धन एका हातानं फोन बघत दुसऱ्यानं सह्या ठोकत होता. मध्येच एका कागदाशी संध्या थांबली. तिनं कस्तुरीकडे पाहिलं. कस्तुरी पंख्याकडे बघत होती. संध्यानं नंबर वाचला आणि शिक्का मारला.

संध्याकाळी सस्पेन्शनचं पत्र हातात पडलं. "सरी," म्हणून कस्तुरीनं ते डब्याच्या पिशवीत टाकलं आणि बस पकडली.

गुरुवारी कोर्टात परसू मागच्या बाकावर मान खाली घालून बसला होता. कस्तुरी साक्षीला उभी राहिली, तोच कंपनीच्या वकिलांनी वही उंच धरली. ही बाई चोर आहे, तिनं तसं लिहून दिलंय, तिच्या शब्दावर कोर्टानं कसा विश्वास ठेवायचा? यादी आणि वही त्यांनी न्यायाधीशबाईंपुढे ठेवली.

बाईंनी यशोवर्धनला विचारलं, "हे सगळे कागद कंपनीचेच? खात्री आहे?"

"शंभर टक्के, मॅडम. प्रत्येकावर आमचा शिक्का आहे, माझी सही आहे."

"तुम्हाला मान्य आहे?" बाई कस्तुरीकडे वळल्या.

"मान्य, मॅडम. त्यातला एकही कागद माझा नाही. म्हणूनच तर साहेबांकडून नीट लिहून घेतलं. आता स्वल्प एकतिसावं पान दुमडीच्या आतून वाचता का?"

बाईंनी चष्मा वर सरकवला, पट्टीनं दुमड उघडली आणि आतला कन्नड मजकूर मोठ्यानं वाचायला सुरुवात केली: तीन नंबरच्या प्रेसचं गार्ड तुटलं आहे, कुणाचा तरी हात जाईल, ताबडतोब दुरुस्त करा, तक्रारदार परसू, खाली 'मिळाले' म्हणून सुपरवायझरची सही, आणि तारीख अपघाताच्या तीन आठवडे आधीची.