निर्जळी

"सलाईनची नळी परत बंद पडलीय," जुईचा हात हातात घेत मेघना सिस्टर म्हणाल्या. "सुनेत्राताई, तुम्ही पाणी पिताय ना?"

"पितेय की," असं म्हणून सुनेत्रानं नजर खिडकीकडे वळवली.

तिच्या मनगटावरची पट्टी तिच्या रक्तातला पातळ रस थेंबथेंब जुईच्या नळीत सोडायची. आईच्या त्या रसामुळे नळीत रक्त गोठत नसे आणि लेकराला पुन्हापुन्हा टोचावं लागत नसे. आईनं वेळेवर खायचं-प्यायचं, एवढंच; नाहीतर रस आटायचा. पण लेक लवकर बरी व्हावी म्हणून सुनेत्रानं निर्जळी उपवास धरला होता. सिस्टरांनी भरून दिलेला प्रत्येक ग्लास ती गुपचूप बेसिनमध्ये ओतत होती.

दुसरी शीर पटकन सापडेना. रडून रडून जुई थकली, मग मुसमुसत म्हणाली, "आई, मी हात हलवला नव्हता गं. शप्पथ! रागावू नकोस ना."

सुनेत्रानं तिला जवळ घेतलं.

"तू नाही गं सोन्या, नळी मी बंद पाडली," ती म्हणाली. "सिस्टर, मी खोटं बोलले. आज माझा उपवास आहे, पाण्याचासुद्धा."

"अहो, देव घेईल समजून. ही इवलीशी शीर कशी घेणार?" सिस्टरांनी ग्लास भरून पुढे केला.

सुनेत्रानं मनातल्या मनात देवाला हात जोडले आणि ग्लास तोंडाला लावला. एक घोट घेऊन ती थांबली. जुई डोळे पुसून तिच्याकडेच बघत होती.

"सगळं प्यायचं हं," ती अगदी आईच्या सुरात म्हणाली, "टाकायचं नाही."